सरासरीमागील विद्यार्थी

शाळेच्या निकालाची सरासरी घसरली की ठपका शिक्षकांवर येतो. आकडेमोड मात्र वेगळेच सांगू शकते. समजा, १०० मुलांच्या शाळेत सुस्थितीतील ८० मुलांची सरासरी ८० गुण व गरीब २० मुलांची ५० आहे. शाळेची सरासरी ७४. पुढे वस्ती बदलली, दोन्ही गट ५०-५० झाले आणि त्यांची सरासरी अनुक्रमे ८२ व ५५ वर गेली. प्रगती दोन्ही गटांची झाली, तरी शाळा ६८.५ वर उतरली!

अमेरिकेत २००२ साली अमलात आलेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने सरकारी प्राथमिक शाळांचे निकाल वंश, गरिबी, अपंगत्व व इंग्रजीचे अल्पज्ञान अशा गटांनुसार जाहीर करणे बंधनकारक केले. २०१५ च्या कायद्यानेही ही गटवारी कायम ठेवली. तेथे गरिबी बहुधा मोफत वा सवलतीच्या जेवणाच्या यादीवरून मोजली जाते. २०१० च्या कायद्यानंतर गरीब वस्त्यांतील अनेक शाळांत सर्वांनाच मोफत जेवण मिळू लागले. मुलांच्या दृष्टीने हे चांगलेच. पण माप म्हणून ती यादी लंगडी पडली.

आपल्याकडे सरकारी शाळांतील माध्यान्ह भोजन सरसकट असल्याने हे माप उपलब्धच नाही. पालकांचा व्यवसाय, शिक्षण व घरची भाषा यांची नोंद शाळेलाच ठेवावी लागते.