पाच सेकंदांची साक्ष

१२ एप्रिल २००७ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर जॉन कोर्झाइन एका बैठकीसाठी प्रिन्स्टनला निघाले होते. गाडी राज्य पोलीस दलाचा जवान चालवत होता आणि गव्हर्नर त्याच्या शेजारच्या सीटवर होते. गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गावर दुसऱ्या वाहनाचा धक्का लागला, एसयूव्ही कठड्यावर आदळली. मांडीचं हाड आणि बरगड्या मोडलेल्या अवस्थेत कोर्झाइन यांना रुग्णालयात नेलं गेलं. वेग हे अपघाताचं कारण दिसत नाही, असं पोलिसांकडून सुरुवातीला सांगण्यात आलं. काही दिवसांतच ते मागे पडलं. गाडीतल्या नोंदीप्रमाणे धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी ९१ मैल, म्हणजे सुमारे १४६ किलोमीटर होता. त्या रस्त्यावरची मर्यादा ६५ मैलांची. गव्हर्नरांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. त्यांनी पुढे ४६ डॉलर दंड भरला आणि सीटबेल्ट लावा असं सांगणाऱ्या जाहिरातीत ते स्वतः उभे राहिले.

चार वर्षांनी मॅसॅच्युसेट्समध्ये तेच घडलं. लेफ्टनंट गव्हर्नर टिम मरे यांची सरकारी गाडी नोव्हेंबर २०११ मध्ये पहाटे उलटली. रस्त्यावर बर्फ होता, वेग मर्यादेतच होता आणि पट्टा लावला होता, असं त्यांनी सांगितलं. गाडीची नोंद बाहेर आली तेव्हा वेग ताशी १०० मैलांच्या वर आणि पट्टा न लावलेला निघाला. मग बहुधा डोळा लागला असावा, असं ते म्हणाले. दंड झाला ५५५ डॉलर.

दोन्ही वेळी खुर्चीवरच्या माणसाच्या शब्दापेक्षा यंत्राची नोंद भारी ठरली. म्हणूनच या यंत्राविषयी मला मनापासून आदर आहे. ‘इव्हेंट डेटा रेकॉर्डर’ हे त्याचं नाव. लोक त्याला गाडीचा ब्लॅक बॉक्स म्हणतात. विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखं ते वेगळं उपकरण नसतं. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारं जे नियंत्रक असतं, त्याच्याच पोटातली ही स्मृती. हे नियंत्रक तळहाताएवढं असतं आणि बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन सीटच्या मधल्या भागाखाली लोखंडी तळाला बोल्टांनी घट्ट बसवलेलं असतं.

त्याचं काम पाटीवर लिहावं, पुसावं, पुन्हा लिहावं असं चालतं. वेग, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, ब्रेकवर पाय आहे की नाही, ही माहिती सतत येत असते आणि जुनी पुसली जात असते. अमेरिकी नियमानुसार १५० मिलिसेकंदांच्या आत वेगात ताशी ८ किलोमीटर किंवा त्याहून जास्त फरक पडला, की ती धडक समजायची आणि आधीचे काही क्षण कायम करायचे. एअरबॅग उघडली तर ती नोंद कुलूपबंद होते, तिच्यावर पुन्हा लिहिता येत नाही. २००६ मध्ये ठरलेल्या आणि सप्टेंबर २०१२ पासून लागू झालेल्या या नियमात धडकेआधीची पाच सेकंदं, दर सेकंदाला दोन वेळा, एवढीच नोंद होती. पाच सेकंदांत चालकाने नेमकं काय केलं हे पुरेसं कळत नाही, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये ती मुदत वीस सेकंदांवर आणि दर सेकंदाला दहा नोंदींवर नेण्याचा निर्णय झाला.

या नोंदीत आवाज नाही, चित्र नाही, गाडी कुठे होती ते नाही, स्टिअरिंगवर कोण होतं तेही नाही. आणि ती अचूकच असते असंही नाही. वेगाचा आकडा चाकांच्या फिरण्यावरून काढलेला असतो. ब्रेक जोरात लागून चाकं घसरली किंवा निसरड्यावर जागच्या जागी फिरली, तर आकडा खऱ्या वेगापासून दूर जातो. धडकेतच बॅटरीचा पुरवठा तुटला, तर नोंद अर्धवट राहू शकते. रस्त्यावरच्या खुणा आणि गाडीचा चेंदामेंदा यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय नुसत्या छापील आकड्यावरून कुणावर ठपका ठेवू नये.

पण ताडून पाहायचं तर ती नोंद हाती यायला हवी, आणि मूळ वाद तिथेच आहे. ती वाचायला खास केबल आणि हजारो डॉलरची सामग्री लागते. मालकाला आपल्याच गाडीतलं काही दिसत नाही. ती कुणाची, हे अमेरिकेत कायद्याने सांगायला वेळ लागला. कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये पहिलं पाऊल टाकलं. डिसेंबर २०१५ मध्ये देशभरासाठी ‘ड्रायव्हर प्रायव्हसी ॲक्ट’ आला. त्याने स्पष्ट केलं, की नोंद गाडीच्या मालकाची, किंवा गाडी भाडेकरारावर असेल तर भाडेकरूची. इतरांना ती पाहायची असेल तर त्यांची संमती किंवा न्यायालयाचा आदेश हवा. अपघातग्रस्ताला तातडीची वैद्यकीय मदत, केंद्रीय यंत्रणेचा तपास, ओळख पुसून केलेलं सुरक्षा संशोधन, असे मोजके अपवाद.

कायदा चांगला आहे, पण त्यात एक मोठी फट राहिली. गाडी पूर्ण निकामी ठरली, की विमा कंपनी नुकसानभरपाई देते आणि गाडीची मालकी स्वतःकडे घेते. मालकी गेली की नोंदही गेली. म्हणजे नोंद सर्वात महत्त्वाची असते त्याच अपघातात, धनादेश घेताना माणूस आपल्या बाजूचा पुरावाही हातातून सोडतो, आणि हे त्याला कुणी सांगत नाही.

पोलिसांचं काय? फ्लोरिडात २०१३ मध्ये एका जीवघेण्या अपघातानंतर पोलिसांनी जप्त केलेल्या गाडीतली नोंद बारा दिवसांनी, वॉरंट न घेता काढून घेतली. तिथल्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये ती पुराव्यातून वगळली. मोबाइल उघडायला वॉरंट लागतं, तर गाडीच्या आतली, डोळ्यांना न दिसणारी माहिती काढायलाही लागेल, असा त्या निर्णयाचा रोख होता. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याच दिशेने निकाल दिला. बारा दिवस हातात असताना वॉरंट मागणं अशक्य नव्हतं. मृताच्या नातेवाइकांना न्याय मिळायलाच हवा, पण वेळ असूनही वाट चुकवली म्हणून पुरावा गेला, तर त्याचा दोष चालकाच्या हक्कावर टाकता येणार नाही.

युरोपीय संघाने वेगळा मार्ग घेतला. जुलै २०२४ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हे यंत्र सक्तीचं आहे, चालकाला ते बंद करता येत नाही. मात्र विशिष्ट गाडी किंवा मालक ओळखता येईल असा तपशील नोंदीत ठेवायचा नाही, असं बंधन आहे.

इतकं सगळं धडकेच्या काही सेकंदांसाठी. खरी काळजी वाटते ती धडक न होताच वाहत असलेल्या माहितीची. इंटरनेटला जोडलेल्या गाडीतून रोजचा प्रवास कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि त्यावर २०१५ चा तो कायदा लागू होत नाही. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जनरल मोटर्सचं प्रकरण उघड केलं. या कंपनीची गाडी चालवणाऱ्या, सिएटलजवळच्या एका माणसाचा विम्याचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला. कारण शोधताना त्याने एका माहिती विकणाऱ्या कंपनीकडून स्वतःचा अहवाल मागवला. २५८ पानं आली. त्यातली १३० हून जास्त पानं त्याने आणि त्याच्या पत्नीने सहा महिन्यांत मारलेल्या ६४० फेऱ्यांची होती. कधी निघाले, कधी पोहोचले, किती अंतर, किती वेळा करकचून ब्रेक मारला, किती वेळा एकदम वेग वाढवला. यातला एकही अपघात नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने जनरल मोटर्सवर कारवाई जाहीर केली, त्यात अशी माहिती पत-अहवाल कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली गेली.

आपल्याकडे हा विषय ४ सप्टेंबर २०२२ रोजी दारात आला. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या सीटवरच्या दोघांचा मृत्यू झाला. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. गाडीतली माहिती उलगडण्याचं काम जर्मनीत होणार असल्याचं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. गाडी बनवणाऱ्या मर्सिडीज कंपनीने दिलेल्या प्राथमिक अहवालानुसार धडकेच्या काही सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर आणि आदळताना ८९ होता. तपासाला त्याची मदत झाली हे खरं. पण आपल्या महामार्गावरच्या मृत्यूंची साक्ष कंपनी सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढीच कळणार असेल, तर ते मला पटत नाही.

भारतात पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग सक्तीच्या झाल्या, म्हणजे त्यांचं नियंत्रक नव्या मोटारींत आलंच. जुलै २०२२ पासून विमा नियामकाने ‘किती आणि कशी गाडी चालवता’ यावर हप्ता ठरवणाऱ्या योजनांना परवानगी दिली आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं, २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही झाला. पण अपघाताची नोंद मालकाची आहे, ती मागायची तर या पायऱ्यांनी मागा, आणि मालकाला ती मागण्याचा हक्क आहे, असं थेट सांगणारा अमेरिकेसारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा, आणि त्यात निकामी गाडीबरोबर नोंदही हातची जाण्याची फट राहता कामा नये.

तोवर एवढं करता येईल. अपघात मोठा असेल आणि दोष कुणाचा यावर वाद असेल, तर गाडी भंगारात किंवा विमा कंपनीच्या ताब्यात जाण्याआधी एअरबॅगचं नियंत्रक जपून ठेवावं, असं विमा कंपनीला आणि तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. नवी गाडी घेताना ॲपच्या अटींवर शोरूममध्येच ‘मान्य’ दाबू नका. माहिती कुणाला दिली जाते ते विचारा. आणि जुनी गाडी विकताना तिच्यातलं आपलं खातं, जोडलेला मोबाइल आणि घरचा पत्ता आधी काढून टाका.