एक संगणक, अनेक खाती

विंडोज प्रणालीत घरातील प्रत्येकाचे खाते, म्हणजे स्वतःच्या फायली आणि मांडणी राखणारा कप्पा, स्वतंत्र असले तरी ‘प्रोग्राम फाइल्स’ या सामायिक फोल्डरमध्ये बसवलेले सॉफ्टवेअर सहसा सर्वांना वापरता येते. मात्र तेथे काही बसवण्यासाठी प्रशासकाची, अर्थात संगणकात बदल करण्याचा अधिकार असलेल्या खात्याची, संमती लागते. ही संमती लागू नये म्हणून काही सॉफ्टवेअर ‘अ‍ॅपडेटा’ या वैयक्तिक फोल्डरमध्ये बसवले जाते आणि त्यामुळेच ते दुसऱ्या खात्यात दिसत नाही. म्हणून बसवतानाच, जिथे दिला असेल तिथे, ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडावा. या सोयीपायी घरातील सर्वांनाच प्रशासक करणे मात्र खरोखर धोक्याचे आहे, कारण मग एका खात्यातून शिरलेला व्हायरस इतरांच्या फायलींपर्यंतही सहज पोहोचू शकतो.