रोजच्या गाडीस पुढील एक्सलचा लॉकर : कोणता घ्यावा व केव्हां घ्यावा

ज्या शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलगाडी सुटलेली असे, त्याच्या दारांत आज चारही चाकांस ओढ असलेली जीप उभी असलेली पुष्कळ ठिकाणीं दिसते. सकाळीं ह्याच गाडींतून दूध केंद्रावर न्यावयाचें, मुलांस शाळेंत सोडावयाचें, बाजाराच्या दिवशीं घाट उतरावयाचा, आणि पावसाळ्यांत काळ्या रानांतून खताचीं पोतीं बांधावर पोंचवावयाचीं. गाडी एकच, पण कामें दोन जातींचीं. अशी गाडी दोनचार वेळां चिखलांत रुतली, कीं पुढच्या एक्सलासहि लॉकर बसवून घ्यावा असें मालकाच्या मनांत येतें. हा खर्च लहान नाहीं. शिवाय भलता लॉकर बसला तर पैशापेक्षांहि मोठी गोष्ट पणास लागते. कारण पुढचीं चाकें केवळ ओढणारीं नसून गाडीस वळविणारींहि आहेत. म्हणून ह्या विषयाचा थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम लॉकर कशासाठीं लागतो तें पाहूं. खळ्यावर मळणीचे बैल तिवड्याभोंवतीं फिरत असतां आंतला बैल सावकाश चालतो व कडेच्या बैलास तेवढ्याच वेळांत पुष्कळ अधिक वाट तुडवावी लागते. गाडीच्या चाकांचेंहि असेंच आहे. दोन चाकांतील अंतर १.४ मीटर धरल्यास काटकोनांतील एका वळणावर बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां सुमारें २.२ मीटर अधिक चालतें. दोन्ही चाकें एकाच दांड्यास जखडलेलीं असतीं, तर त्यांपैकीं एकास घसटत जावें लागलें असतें. तें टाळण्याकरितां एक्सलच्या मध्यभागीं डिफरन्शियल असतें. तें प्रत्येक चाकास आपापल्या वेगानें फिरूं देतें, परंतु जोर मात्र दोघांस सारखाच वांटतें. एक चाक चिखलांत गेलें, कीं तें अगदीं थोड्या जोरानें गरगर फिरूं लागतें. आणि दुसऱ्या, घट्ट जमिनीवरच्या चाकासहि तेवढाच थोडा जोर मिळतो. त्यानें गाडी हालत नाहीं. लॉकर हा दोन्ही चाकें एकत्र जखडून ही अडचण दूर करतो.

हें तत्त्व शेतकऱ्यास नवें नाहीं. ट्रॅक्टरच्या मागील एक्सलास डिफरन्शियल लॉकचें पेडल असतें. नांगरटींत एक चाक घसरूं लागलें कीं तें दाबतात आणि बांधाशीं वळण्यापूर्वीं सोडून देतात. न सोडल्यास ट्रॅक्टर वळावयाचें सोडून सरळ रेटूं लागतो. मागचीं चाकें जखडल्यानें जर वळण्यास इतका अडथळा होतो, तर वळविणारीं चाकेंच जखडल्यावर काय होईल, ह्याची कल्पना वाचकांनीं करावी.

पुढील एक्सल जखडला असतां दोन गोष्टी घडतात. पहिली ही, कीं स्टिअरिंग जड होतें व गाडी आपलें नाक सरळ ठेवूं पाहते. शेतांत हा केवळ त्रास असतो. ओल्या, निसरड्या घाटांत तोच अपघात ठरतो. दुसरी गोष्ट शाफ्टची. डिफरन्शियल मोकळें असतां प्रत्येक बाजूच्या शाफ्टवर एकूण जोराचा अर्धाच भाग येतो. जखडल्यावर पकड एकाच चाकास असेल, तर सगळा जोर त्या एका शाफ्टवर, म्हणजे जवळजवळ दुप्पट, येऊं शकतो. त्यांत चाक पूर्ण वळविलेलें असलें, तर कोनांत वांकलेला सांधा तुटण्याचा संभव फार. ज्या गाड्यांचीं पुढचीं चाकें स्वतंत्र सस्पेन्शनचीं आहेत, त्यांच्या बाबतींत ही काळजी अधिक घेतली पाहिजे.

आतां लॉकरांचे प्रकार. त्यांचे चार वर्ग करतां येतात.

पहिला वर्ग कायम जखडलेल्यांचा. यांत डिफरन्शियलचे गिअर वेल्डिंगनें जोडून टाकतात किंवा त्यांच्या जागीं एकसंध तुकडा बसवितात. हें सर्वांत स्वस्त आणि रोजच्या गाडीस सर्वांत वाईट. रस्त्यावर जाणाऱ्या गाडीच्या पुढील एक्सलास असें कधींहि करूं नये.

दुसरा वर्ग आपोआप लागणाऱ्यांचा. डेट्रॉइट लॉकर व लॉक-राइट हे याचे प्रसिद्ध नमुने होत. एंजिनाचा जोर येतांच हे दोन्ही चाकें जखडतात. वळणावर बाहेरचें चाक अधिक वेगानें फिरूं लागलें म्हणजे त्या बाजूचे दांते सुटून त्यास मोकळें करतात. लॉक-राइटसारखा लॉकर जुन्याच केसमध्यें आंतील लहान गिअरांच्या जागीं बसतो, म्हणून स्वस्त पडतो. चालकास कांहीं करावें लागत नाहीं, हा त्याचा गुण. पण तो केव्हां लागेल व केव्हां सुटेल हें चालकाच्या हातीं राहत नाहीं, हा त्याचा दोष. चारही चाकांची ओढ चालू असतां वळणावर ॲक्सिलरेटर दाबला, तर स्टिअरिंग सरळ ओढलें जातें. पाय काढला, तर एकदम सैल पडतें. रोज नवा चालक बसणाऱ्या घरच्या गाडीस हें परवडणारें नाहीं.

तिसरा वर्ग मर्यादित घसरण देणाऱ्यांचा. यांत चाकें पूर्णपणें जखडत नाहींत. पकड असलेल्या चाकाकडे अधिक जोर वळविला जातो. ईटन कंपनीचा ट्रूट्रॅक हा तिरप्या दांत्यांच्या गिअरांवर चालणारा असून त्यांत झिजणाऱ्या क्लच-प्लेटा नसतात. स्टिअरिंगवर त्याचा भार थोडा व आवाज जवळजवळ नाहीं. उणीव एवढीच, कीं एक चाक अगदीं अधांतरीं झालें तर त्याचा उपयोग फारसा होत नाहीं. अशा वेळीं ब्रेक किंचित् दाबून धरल्यास तो पुन्हां काम देतो.

चौथा वर्ग चालकाच्या इच्छेनें लागणाऱ्या व सुटणाऱ्यांचा. ऑस्ट्रेलियांतील एआरबी कंपनीचा एअर लॉकर हवेच्या दाबानें, ईटनचा ई-लॉकर विजेनें, व कांहीं लॉकर केबलनें अथवा लिव्हरनें लागतात. सुटलेले असतां हे साध्या डिफरन्शियलप्रमाणें वागतात व लागलेले असतां पूर्ण जखडतात. मात्र ते महाग असतात आणि त्यांची निगा ठेवावी लागते. हवेच्या लॉकरास कॉम्प्रेसर व नळ्या लागतात, आणि सील गळूं लागल्यास लॉकर लागत नाहीं. विजेच्या लॉकराची वायर चिखलांत तुटूं शकते. केबलला गंज चढतो.

आमचें मत असें आहे, कीं रोज रस्त्यावर जाणाऱ्या गाडीच्या पुढील एक्सलास चौथ्या वर्गांतीलच लॉकर घ्यावा. तेवढी ऐपत नसेल, तर तिसऱ्या वर्गांतील गिअरांचा घ्यावा. तेंहि जमत नसेल, तर पुढचा एक्सल मोकळाच राहूं द्यावा. दुसऱ्या वर्गास एकच अपवाद आहे. ज्या गाडीच्या पुढच्या चाकांस फ्री-व्हील हब आहेत, तिचे हब सोडले असतां चाकें एक्सलपासून वेगळीं होतात, व कोरड्या रस्त्यावर लॉकराची बाधा होत नाहीं. तथापि निसरड्या वाटेवर हब लावून चारही चाकें जोडतांच तो आपलें काम करूं लागतो, आणि नेमकी तेव्हांच स्टिअरिंगची खरी गरज असते, हें विसरूं नये.

खर्चाचा क्रमहि ठरलेला असावा. प्रथम चांगल्या खोल नक्षीचे टायर, हवेचा गेज व पंप, आणि ओढण्याचा मजबूत पट्टा. चिखलांत टायरांतील हवा कांहींशी कमी केल्यानें जी पकड मिळते, ती पुष्कळदां लॉकराची गरजच ठेवीत नाहीं. मात्र रस्त्यावर येण्यापूर्वीं हवा पुन्हां भरलीच पाहिजे. त्यानंतर मागच्या एक्सलास लॉकर. कारण चढावर व लादलेल्या गाडींत भार मागेंच असतो, आणि मागें जखडल्यानें स्टिअरिंगवर भार कमी येतो. एवढ्यानेंहि काम भागत नसेल, तरच पुढच्या एक्सलाचा विचार करावा.

नवी गाडी घेणारांनीं कारखान्यांतून काय बसून येतें तें आधीं पाहावें. फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीस पुढें व मागें दोन्ही लॉक कारखान्याचेच येतात. २०२० सालीं निघालेल्या महिंद्र थारच्या कांहीं प्रकारांत मागें आपोआप लागणारा लॉक आहे. २०२३ सालीं बाजारांत आलेल्या मारुती जिमनींत घसरणाऱ्या चाकास गाडी स्वतःच ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे जोर वळविते; ही युक्ति हलक्या कामास पुरेशी आहे.

बाहेरून लॉकर बसविणारांस तीन सूचना. लॉकर गाडीच्या नांवावरून न मागतां एक्सलचा प्रकार, शाफ्टच्या दांत्यांची संख्या व क्राउन-पिनियनचें प्रमाण लिहून नेऊन मागावा. पुढचा व मागचा एक्सल पुष्कळदां निराळा असतो. दुसरें, काम अशा कारागिराकडे द्यावें, कीं जो डायल गेज लावून क्राउन-पिनियनमधील मोकळीक मोजतो व दांत्यांवर रंग लावून त्यांचा ठसा तपासतो. अंदाजानें बसविलेले गिअर लवकरच घुमूं लागतात व झिजतात. तिसरें, मोटार वाहन कायदा १९८८ याचें कलम ५२ गाडींतील फेरबदलासंबंधीं आहे. म्हणून काम करण्यापूर्वीं परिवहन कार्यालय, विमा कंपनी व गाडी अद्याप हमींत असल्यास विक्रेता, ह्या तिघांकडून लेखी उत्तर घ्यावें. तोंडी होकार दाव्याच्या वेळीं कामास येत नाहीं, हें आम्ही महसूल खात्यांतील अनेक वर्षांच्या अनुभवावरून सांगतों.

शेवटीं वापराविषयीं. लॉकर गाडी उभी असतां किंवा अगदीं सावकाश चालत असतां लावावा. चाक गरगर फिरत असतां लावल्यास दांते तुटतात. चाकें शक्य तों सरळ ठेवावीं. खड्ड्यांतून बाहेर पडतांच लॉकर सोडावा, व पक्क्या रस्त्यावर तो लावलेला कधींहि ठेवूं नये. गाडी चालविणाऱ्या घरांतील प्रत्येक माणसास, मुलगा असो, सून असो कीं पगारी चालक असो, हें बटण काय करतें तें शेतांत नेऊन प्रत्यक्ष दाखवावें. लॉकर लावून एकदां वळून पाहिलें म्हणजे, तो रस्त्यावर कां नको, हें सांगावें लागत नाहीं.