बैलाचे इंजेक्शन आणि गिधाडाचे मूत्रपिंड

गेल्या मंगळवारी दुपारची गर्दी ओसरल्यावर जवळच्या खेड्यातले एक जुने ओळखीचे शेतकरी दवाखान्यात आले. वयाने माझ्याहून मोठे, त्यांना मी तात्या म्हणतो. बाकावर टेकताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझं काही दुखत नाही. बैल दोन दिवस पाय टेकवत नाही. तुम्ही कमरेत देता ना ते दुखण्याचं इंजेक्शन, त्याच्या दहा-बारा बाटल्या लिहून द्या. दुकानदार चिठ्ठीशिवाय देत नाही."

मी नाही म्हटले. तात्यांना राग आला. "माणसाला चालतं ते बैलाला का चालू नये?"

प्रश्न रास्त होता. बैलाला ते चालते. हे औषध म्हणजे डायक्लोफेनॅक, आणि जनावराची सूज व वेदना ते चांगली कमी करते. अडचण बैलाची नव्हती, बैलानंतरची होती. ती त्यांना समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला. तोच अर्धा तास आज वाचकांपुढे ठेवतो.

योगायोगाने त्याच वेळी आमच्या कंपाउंडरची मुलगी बाहेरच्या खोलीत अभ्यास करीत बसली होती. ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिला पर्यावरणाचा सक्तीचा पेपर आहे. पुस्तकात अन्नसाखळीचे नेहमीचे चित्र होते. गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि शेवटी गरुड. एकेका बाणाने जोडलेले. सूर्याच्या उजेडावर गवत आपले अन्न तयार करते म्हणून ते उत्पादक, बाकीचे सगळे भक्षक. मी तिला विचारले, "गरुड मेला की पुढे काय?" ती म्हणाली, "काका, चित्र तिथंच संपतं."

पुष्कळ पुस्तकांत ते तिथेच संपते आणि आपल्या मनातही. खरे तर निसर्गातले महत्त्वाचे काम तिथून पुढे सुरू होते. मेलेले शरीर ही निसर्गाच्या दृष्टीने घाण नाही, तो माल आहे. कुणीतरी तो खातो, उरलेला किडे खातात, त्यातूनही उरलेल्याचे जंतू आणि बुरशी माती करतात, आणि त्या मातीतून पुन्हा गवत येते. म्हणजे साखळी सरळ नसते, ती गोल असते. त्या गोलातली मेलेले खाणारी कडी आपल्याकडे हजारो वर्षे गिधाडांनी सांभाळली.

चाळिशीपुढच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेली जनावरे टाकायची एक जागा होती. कातडे काढून नेले की आभाळातून एकेक गिधाड उतरायचे, बघता बघता पन्नास-साठ व्हायची. आम्ही पोरे लांबून दगड मारायचो, कारण तो पक्षी आम्हाला ओंगळ वाटे. तासाभरात बैलाची हाडे उघडी पडायची. गिधाडाच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बहुतेक जंतू त्यात मरतात. ज्या मांसाने माणूस आजारी पडेल, ते त्याचे रोजचे जेवण. पगार नाही, रजा नाही, अशी ही आपली सफाई खात्याची फौज होती.

ती फौज नाहीशी झाल्याचे आधी कुणाच्या फारसे लक्षात आले नाही. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकात गिधाडांची संख्या झपाट्याने घटल्याचे नोंदवले. पुढे देशभर मोजणी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. हजारात एखादे उरले म्हणा ना.

मग कारणाचा शोध सुरू झाला. विषाणू, कीटकनाशके, उपासमार असे सगळे तर्क झाले. उत्तर मिळाले पाकिस्तानात. तिथे मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन करणाऱ्या शास्त्रज्ञांना बहुतेकांच्या हृदयावर, यकृतावर खडूची भुकटी शिंपडावी तसा पांढरा थर दिसला. हा थर युरिक ॲसिडचा. आपल्याकडे ज्यांना गाउट आहे, पायाचा अंगठा लाल होऊन ठणकतो, त्यांच्या सांध्यात साठते तेच हे. माणूस शरीरातला नत्रयुक्त टाकाऊ भाग मुख्यतः युरियाच्या रूपाने लघवीवाटे टाकतो, पक्षी तो युरिक ॲसिडच्या रूपाने टाकतात. पक्ष्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग तोच. मूत्रपिंड बंद पडले की ते बाहेर पडत नाही आणि सगळ्या अवयवांवर साचते.

तेव्हा प्रश्न असा झाला की गिधाडाचे मूत्रपिंड कशाने बंद पडले? संशोधकांनी मग पशुवैद्यांना आणि औषध दुकानदारांना विचारले की जनावरांना अलीकडे असे काय दिले जाते, जे पोटातून शोषले जाते आणि मूत्रपिंडाला बाधते? उत्तर एकच आले, डायक्लोफेनॅक. मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडात ते सापडले. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घातल्यावर तीही तशीच मेली. २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे स्वस्त डायक्लोफेनॅक जनावरांसाठी मिळू लागले ते १९९४ च्या सुमारास. म्हणजे मी शिकून बाहेर पडलो तेव्हाच. हेच इंजेक्शन माझ्याही बॅगेत होते. त्या काळी रुग्णाला सुई टोचल्याशिवाय बरे वाटत नसे, आणि खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांनाही फी घेतल्यासारखे वाटत नसे. साध्या तापाला, कणकणीला मी ते सढळ हाताने दिले आहे. औषध शरीरात गेले, दुखणे थांबले, तिथे आपला संबंध संपला, अशीच आमची समजूत. जनावरांच्या बाबतीतही तीच.

इथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. डीडीटीबद्दल आपण शाळेत शिकलो. मलेरियाच्या फवारणीवाल्यांमुळे ते घरोघर माहीत होते. ते चरबीत मुरते, लवकर नष्ट होत नाही आणि साखळीच्या प्रत्येक पायरीवर वाढत जाते. पाण्यातल्या शेवाळात कणभर, छोट्या माशात जास्त, मोठ्या माशात त्याहून जास्त, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यात इतके की अंड्याचे कवच पातळ होऊन फुटते. डायक्लोफेनॅकचे तसे नाही. ते जनावराच्या अंगातून काही दिवसांत निघून जाते. घोटाळा तेव्हाच होतो, जेव्हा जनावर इंजेक्शन दिल्यानंतर दोन-तीन दिवसांतच मरते. आजारी जनावराला इंजेक्शन देतात आणि आजारी जनावरच मरते, त्यामुळे असे घडणे अवघड नाही. मग गिधाडाला ते एकाच जेवणात बाधते.

तात्यांचा खरा आक्षेप इथेच होता. "माझ्या एका बैलानं काय होणार आहे?" शास्त्रज्ञांनी नेमका हाच हिशेब केला आहे. शंभर मेलेल्या जनावरांत एकाहूनही कमी जनावरात हे औषध असले, तरी गिधाडांचा असा नायनाट व्हायला ते पुरते. कारण एका बैलावर पन्नास गिधाडे जेवतात, आणि प्रत्येक गिधाड वर्षभरात कितीतरी वेगवेगळ्या जनावरांवर जेवते. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाच-एक वर्षे घेते. उंदीर मेले तर सहा महिन्यांत भरून निघतात. गिधाडांची तूट भरायला पिढी जाते.

आता आपल्या आरोग्याकडे येतो. गिधाडे गेली म्हणून मांस पडायचे थांबले नाही. ते कुजू लागले, पावसाबरोबर ओढ्या-विहिरींत उतरू लागले, आणि ती जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली. कुत्रे गिधाडाइतके साफ खात नाही, मात्र पोटभर मिळाल्यावर वाढते भराभर. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडांच्या ऱ्हासामुळे देशात सुमारे ५५ लाख कुत्री वाढली आणि १९९२ ते २००६ या काळात रेबीजने सुमारे ४८ हजार जादा माणसे दगावली. २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडे पूर्वी भरपूर असलेले आणि नसलेले जिल्हे ताडून पाहिले. त्यांच्या हिशेबाने २००० ते २००५ या पाच वर्षांत पाण्याची घाण, रेबीज वगैरे सगळे धरून सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले. हे अंदाज आहेत, डोकी मोजलेली नाहीत, हे मी आवर्जून सांगतो. पण त्यातला निम्मा भाग जरी खरा धरला तरी एका ओंगळ पक्ष्याची किंमत केवढी ते दिसते.

इंटर्नशिपमध्ये मी रेबीजचा एक रुग्ण पाहिला. दहा-बारा वर्षांचा मुलगा. पाण्याचा पेला समोर आणला की त्याचा गळा आवळे. त्याच्या वडिलांनी जखमेवर मिरची भरली होती आणि पोटातली चौदा इंजेक्शने नकोत म्हणून दवाखाना टाळला होता. आम्ही काहीही करू शकलो नाही. ती पोटातली इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. लस दंडात घेतात, सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. कुत्रा चावला तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद काही लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा व कोर्स पुरा करा. कुत्रा जगतो का हे पाहत बसू नका. जखमेतून रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते, ते डॉक्टरांना विचारा.

सरकारने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांचे इंजेक्शनही ३ मिलीच्या एका डोसच्या कुपीतच विकायचे बंधन आले. तात्या दहा-बारा 'बाटल्या' मागत होते त्या ह्या. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक हीही बंद झाली. ॲसिक्लोफेनॅकचे जनावराच्या अंगात डायक्लोफेनॅकच होते. मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना सुरक्षित ठरले आहे आणि जनावरावर गुणही तोच देते.

आपल्या जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अजून आहेत. हरसूलकडे वनखात्याने गावकऱ्यांच्या मदतीने त्यांच्यासाठी औषधमुक्त मृत जनावरे टाकायची जागाही केली. टाकेदला जटायूचे तीर्थ मानणारा आपला जिल्हा, त्याला हे शोभून दिसते.

जाता जाता मूत्रपिंडाबद्दल एक सूचना. आपले मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नसले तरी हीच औषधे त्याला बाधतात. म्हातारी माणसे, मधुमेही, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, आणि उन्हात राबून पाणी कमी प्यायलेले, यांनी अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊन आठवडेच्या आठवडे खाऊ नये. दरवर्षी उन्हाळ्यात असे दोन-तीन रुग्ण माझ्याकडे पाय सुजवून येतात.

तात्यांना मी पशुवैद्यकीय दवाखान्यात धाडले. परवा बाजारात भेटले. बैलाच्या खुरात बाभळीचा काटा मोडला होता. तो काढला, मेलॉक्सिकॅमचे एक इंजेक्शन दिले, बैल चालतो आहे. "काटा होता हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" असे म्हणून ते माझ्यावरच रागावले.