पीएच.डी. झाली, जागा कुठे आहे?

कडावसारख्या गावातल्या बौद्धवाडीतून मुलगा किंवा मुलगी पीएच.डी.पर्यंत पोहोचते, ही साधी गोष्ट नाही. आज्याने दुसऱ्याच्या खाचरात आवणी केली, बापाने खोपोलीच्या कारखान्यात पाळ्या केल्या, तेव्हा तिसऱ्या पिढीच्या हातात पुस्तक आले. ही पिढी पहाटेची कर्जत लोकल पकडून कुर्ल्याला उतरते, कलिन्याच्या ग्रंथालयात दिवस काढते आणि रात्रीच्या गाडीने परत येते. पाच-सहा वर्षे हा प्रवास चालतो. शेवटी नावापुढे 'डॉक्टर' लागते, वाडीत सत्कार होतो, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घातला जातो. आणि दुसऱ्या दिवशी आई विचारते, 'मग आता नोकरी कधी लागणार?' या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी एकट्या त्या मुलाची नाही. ते उत्तर आम्ही या व्यवस्थेकडे मागतो आहोत.

आजचे चित्र काय आहे? महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये नोकरभरतीवर बंदी घातली. २०१८ मध्ये सहाय्यक प्राध्यापकांची ३५८० पदे भरण्यास मान्यता दिली. त्यातली २०८८ पदे भरायची राहिली आणि त्यांच्यासाठी २०२१ मध्ये पुन्हा मान्यता काढावी लागली. दरम्यान वर्ग थांबले नाहीत, परीक्षा थांबल्या नाहीत. मग शिकवले कोणी? तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनी. एका पूर्णवेळ पदाचा कार्यभार दोघांत वाटायचा, जितके तास घेतले तितकेच पैसे द्यायचे, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचे काहीच नाही. वर्ष संपले की नेमणूक संपली. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. त्या तासांचे पैसेही अनेकदा महिनोन्महिने हाती पडत नाहीत. पूर्वी आमच्या माणसाला बलुत्यावर राबवले जाई, आज त्याच्या पदवीधर नातवाला तासावर राबवले जाते. फरक फक्त फळा आणि खडूचा आहे.

नियमांचा खेळ तर वेगळाच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमांत सांगितले की, विद्यापीठांतील सहाय्यक प्राध्यापक पदासाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची राहील. आमच्या कित्येक मुलामुलींनी त्या भरवशावर संशोधनाला नावे नोंदवली. पुढे ही मुदत जुलै २०२३ पर्यंत ढकलली. आणि ती मुदत आली तेव्हा आयोगाने सक्तीच काढून टाकली. नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता ठरली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. ज्याच्या घरात दोन पिढ्यांची पुंजी आहे त्याला असे बदल सोसतात. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे या एका नियमावर लावली, त्याने कोणाकडे दाद मागायची?

संशोधन चालू असतानाही सुख नाही. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२१ च्या तुकडीतील ८६१ संशोधक पात्र ठरले, पण ती केवळ २०० जणांनाच देण्याचा घाट घातला गेला. २०२३ मध्ये या संशोधकांना पुस्तके मिटून मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले, तेव्हा सरकार हलले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. आमचे म्हणणे असे की, दिवा लावण्याची जागा तुम्ही अडवून ठेवली आहे. आधी जागा सोडा, मग उजेडाचा हिशेब मागा.

हा छळ नवा नाही. बाबासाहेब १९१७ मध्ये लंडनमध्ये शिकत असताना बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. कोलंबियात शिकलेल्या या विद्वानाला बडोद्यात राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलले गेले. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले, तेही तात्पुरते. तिथल्या काही प्राध्यापकांना त्यांनी एकाच भांड्यातले पाणी घेणे खपले नाही. पगारातून पैसा साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. मध्येच थांबलेली शिष्यवृत्ती, तात्पुरती नोकरी, सहकाऱ्यांचा विटाळ, या सगळ्यातून ते गेले. पण स्वतःची सोय झाल्यावर ते थांबले नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय उभारले. शिकणाऱ्याला जागा हवी आणि शिकवणाऱ्यालाही, हे त्यांनी ओळखले होते.

आता आरक्षणाकडे पाहू. खरी मेख बिंदूनामावलीत असते. केंद्राच्या बिंदूनामावलीत अनुसूचित जातीचा बिंदू सातव्या जागेवर आणि जमातीचा चौदाव्या जागेवर येतो. संपूर्ण विद्यापीठ एक घटक धरले तर हे बिंदू लगेच येतात. पण प्रत्येक विषय वेगळा धरला आणि विषयात दोन-तीनच पदे असली, तर सातवा बिंदू उजाडणार कधी? अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर आयोगाने मार्च २०१८ मध्ये विषयनिहाय पद्धत आणली. देशभर आंदोलन झाले, तेव्हा २०१९ मध्ये केंद्राला कायदा करून ती मागे घ्यावी लागली. राज्यानेही २०२१ मध्ये संवर्गनिहाय आरक्षणाचा कायदा केला. कायदा झाला, पण भरतीच नसेल तर आरक्षण कशावर लावणार? आणि भरती निघालीच तर मुलाखतीच्या खोलीत 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारून जागा रिकामी ठेवता येते. कित्येक खाजगी संस्थांत बंद दाराआड 'देणगी'चा आकडा विचारला जातो, हे उच्चशिक्षित वर्तुळात कोणाला माहीत नाही? कडावच्या शेतमजुराच्या पोराने तो आकडा कोठून आणायचा?

म्हणून नुसती हळहळ पुरे. कर्जत-खालापूरच्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाची माहिती अधिकार कायदा २००५ खाली माहिती मागवावी. मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिका तत्त्वावर किती, बिंदूनामावली कधी तपासली, अनुशेष किती, हे पाच प्रश्न पुरेत. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना लागू केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहाय्यक प्राध्यापकांच्या बाबतीतही उचलून धरले. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनी एकेकट्याने प्राचार्यांच्या दारात उभे राहण्यापेक्षा हे निकाल हातात घेऊन संघटना म्हणून उभे राहावे. समाजाच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनीही देणगीशिवाय भरती करून दाखवावी.

संशोधन करणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच की, नेट-सेट लवकर उरका, नियम केव्हाही बदलतात. प्राध्यापकी हीच एक वाट आहे असे समजू नका. स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता, वकिली, सरकारी संशोधन संस्था इथेही आपली माणसे हवी आहेत. मात्र हा सल्ला ऐकून सरकारने हात झटकू नयेत. कारण प्रश्न केवळ एका पगाराचा नाही. वर्गात कोण उभा राहतो, यावर तिथे कोणाचा इतिहास शिकवला जाणार हे ठरते. कातकरी, ठाकर, बौद्ध मुले ज्या महाविद्यालयात शिकतात, तिथे त्यांच्यातलाच एक शिक्षक कायम पदावर असला पाहिजे. ती खुर्ची रिकामी ठेवणे हे मनुवादाचे सगळ्यात बिनबोभाट चालणारे काम आहे. ते चालू द्यायचे की थांबवायचे, हे आता चळवळीने ठरवावे.