निकालानंतरच्या तारखा

२२ मे १९६६ रोजी अमेरिकेत 'पेरी मेसन' या मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला. खून झाला होता टीव्हीच्या स्टुडिओत, आणि न्यायाधीश म्हणून बसले होते खुद्द पेरी मेसनचे जनक, लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर. नऊ हंगाम चाललेली युक्ती एकच: उलटतपासात असा पेच टाकायचा की खरा खुनी भर कोर्टात कबुली देऊन मोकळा! आपल्याकडे 'अदालत'मधल्या के. डी. पाठकांनीही वर्षानुवर्षं याच युक्तीवर खटले जिंकले.

खऱ्याखुऱ्या खुनाचा खटला पाहायला म्हणून कोणी पुण्यात शिवाजीनगरच्या सत्र न्यायालयात जाऊन बसला, तर तासाभरात त्याला जांभया येतील. हातोडा नाही, 'ऑर्डर, ऑर्डर' नाही. मुद्देमालाचं पाकीट निघतं. लाखेचं सील साक्षीदाराला दाखवतात. पाकिटावरच्या लेबलावर बोट ठेवून सरकारी वकील विचारतात, "ही सही तुमचीच का?" तो हो म्हणतो, न्यायाधीश मजकूर सांगतात, लघुलेखक टाइप करतो. पुढचं पाकीट. आरोपीला साक्षीतल्या एकेका मुद्द्यावर प्रश्न विचारले जातात. पूर्वी हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३खाली होई, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम ३५१खाली होतं. त्याला शपथ नसते आणि उत्तरं बहुधा दोनच: "खोटे आहे" किंवा "मला माहीत नाही". पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तर पुराव्यात चालतच नाही.

पिंपरी-चिंचवड-चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या खटल्यांची अडचण आणखी वेगळी. पंच म्हणून सही करणारा कंत्राटी कामगार भाड्याच्या खोलीत राहणारा; कंत्राट संपलं की खोली सुटते. काही वर्षांनी समन्स जातं आणि शेरा मारून परत येतं: सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही. मिळालाच, तर फितूर होण्याची धास्ती असतेच.

यातून निकाल लागला, तरी मालिकावाले थांबतात तिथे, निकालावर, खटला संपत नाही. पुण्याजवळच्या गहुंज्याचंच प्रकरण घ्या. नोव्हेंबर २००७मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर, तिला न्यायला आलेल्या कॅबच्याच चालकानं आणि त्याच्या साथीदारानं अत्याचार करून तिचा खून केला. मार्च २०१२मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं दोघांना फाशी सुनावली. मालिका असती तर इथे संगीत वाजलं असतं. पण सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. ती त्याच वर्षी सप्टेंबरात कायम झाली, मे २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. मग दयेचे अर्ज. आधी राज्यपालांनी, मग २०१७मध्ये राष्ट्रपतींनी ते फेटाळले. एवढं होऊनही फाशीची तारीख ठरली २४ जून २०१९.

ती तारीख आली आणि गेली. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाताना चार वर्षांहून अधिक काळ गेला होता, आणि तेवढा काळ मरणाच्या छायेत ठेवणं हाच अन्याय, असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयानं २९ जुलै २०१९ रोजी फाशीऐवजी ३५ वर्षांची कैद दिली. दयेच्या अर्जावर अकारण विलंब झाला तर फाशी रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्येच सांगितलं होतं. तरुणीच्या घरच्यांना हे कसं पटावं? मलाही कायदा पटतो, ढिलाई पटत नाही. पुराव्यात खोट निघाली नव्हती की आरोपींच्या वकिलानं अखेरच्या क्षणी कुठला साक्षीदार हजर केला नव्हता. फाशी टळली ती सरकारी दिरंगाईनं. अशा गोष्टीवर भाग लिहायला कुठला पटकथाकार धजावेल?

राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ डिसेंबर २०२४ रोजी तिथे ३५ वर्षांची कैद कायम राहिली, आणि दयेचे अर्ज वेळेत हलावेत म्हणून प्रत्येक राज्यानं गृह किंवा तुरुंग खात्यात स्वतंत्र कक्ष उघडावा, असा आदेशही निघाला.