पदवी नको म्हणण्याआधी

सॉफ्टवेअरमध्ये जायचे तर पदवी कशाला, यूट्यूबवर कोडिंग शिकता येते, असा सल्ला हल्ली गोव्याच्या पेडणे-डिचोलीतल्या मुलांनाही सर्रास दिला जातो. गूगल, आयबीएमसारख्या कंपन्यांनी बऱ्याच पदांसाठी पदवीची अट काढली, हे खरे. पण हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नेमणुका तपासल्या, तेव्हा या बदलाचा लाभ ७०० नेमणुकांमागे एकीलाही धड मिळाला नव्हता. अट जाहिरातीतून गेली, निवडणाऱ्याच्या मनातून नाही. अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाचा हिशेब तर उघड आहे: कॉलेजच्या एका वर्षाच्या जागी तीन वर्षांचा अनुभव, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला बारा वर्षे. पुण्या-बंगळुरात ओळखीपाळखी असलेल्याचे पदवीवाचूनही भागेल. तोरशाच्या किंवा साखळीच्या मुलाला पहिल्या मुलाखतीला कोण बोलावणार? त्याची ओळख म्हणजे त्याची पदवीच.

अभ्यासक्रम जुनाट आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण जुनी होतात ती साधने, पाया नव्हे. हरमलच्या एखाद्या हॉटेलसाठी बिलाचा प्रोग्राम लिहायचा आहे असे धरा. बहुतेक संगणकभाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ येते. संगणक आकडे द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ त्यात नेमका मावत नाही. पाया पक्का असलेला हे ओळखतो आणि रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवतो. मात्र जीएसटी केंद्र आणि राज्यात निम्मा-निम्मा वाटताना उरलेला पैसा कुठे घालायचा, ऐन गर्दीत इंटरनेट गेले तर बिल कसे काढायचे, गिऱ्हाइकाने टेबल बदलले तर काय, हे वर्गात कळत नाही. त्यासाठी काउंटरपाशीच उभे राहावे लागते. म्हणून पहिल्या नोकरीला पदवीचे वजन सर्वांत जास्त, आणि पाचएक वर्षांनी प्रश्न एकच असतो: आजवर काय उभे केलेत?

यावर झोहोचे उदाहरण हमखास पुढे येते. या सॉफ्टवेअर कंपनीने बारावी आणि पदविका झालेली मुले घेऊन घडवली. पण तिथे पदवी वगळली, शिक्षण नाही. विद्यावेतन देऊन रीतसर वर्ग भरवले. मोबाइलवर एकट्याने पाहिलेल्या व्हिडिओंना ती सर नाही. खर्चाची अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्यासाठी पदविकेची वाट आहे. दहावीनंतर तीन वर्षे पदविका, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश: एकूण सहा वर्षे, बारावीमार्गे लागतात तेवढीच. डिचोली तालुक्यात मये येथे सरकारी तंत्रनिकेतन आहे, फर्मागुढीला १९६७ पासूनचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय. घरची ओढाताण असेल तर पदविकेवर कमवायला लागता येते आणि पुढची वाटही बंद होत नाही. पालकांनी प्रवेशाच्या वेळी फीआधी एवढे जरूर विचारावे: शिक्षण संपण्याआधी मुलाला किती महिने कंपनीत प्रत्यक्ष काम करायला मिळेल?